व्याह्यांची भावकी

आमचे व्याही स्कॉटलंडला निघाले ते एक दगड घेऊन. नारळाएवढा, करडा, एका अंगाला शेवाळाचा डाग असलेला. कॅनडातल्या आपल्या शेताच्या बांधावरून त्यांनी तो उचलला आणि लोकरी टोपीत गुंडाळून हातातल्या पिशवीत ठेवला. विमानतळावर तपासणीवाल्या मुलीनं पिशवी उघडली, दगडाकडे पाहिलं, व्याह्यांकडे पाहिलं आणि पुन्हा दगडाकडे पाहिलं. "घरचा आहे," एवढंच म्हणे ते बोलले. सूनबाईनं हे सांगितलं तेव्हा आमचा मुलगा पोट धरून हसला. मला मात्र हसू आलं नाही. कुलदैवताला रिकाम्या हातानं कोण जातं?

हे सगळं कुठून सुरू झालं ते आधी सांगते. आमचा निनाद कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर नोकरीला आहे. त्याची बायको कर्स्टी तिथलीच, आणि तिचे वडील ईवन म्हणजे आमचे व्याही. आम्ही त्यांना इवानराव म्हणतो. त्यांनाही ते आवडतं, कारण 'राव' म्हणजे काय ते निनादनं त्यांना जरा फुगवूनच सांगितलंय. इवानरावांचे पूर्वज स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातले. पाच-सहा पिढ्यांपूर्वी जमीनदाराला मेंढ्या पाळायच्या होत्या म्हणून अख्खी दरी रिकामी केली गेली. माणसं जहाजात बसून कॅनडाला गेली आणि तिथल्या जंगलात जे गाव वसवलं त्याला जुन्या दरीचंच नाव दिलं. आता त्या घराण्याचा मेळावा भरतो. जगभरची भावकी येते, दरीच्या तोंडाशी दगडांची एक मोठी रास आहे तिथं जाते, आणि पहिल्यांदाच आलेलं प्रत्येक घर आपल्या इथला एक दगड त्या राशीवर ठेवतं. ठेवला की ते घर परत आलं असं मानतात. सत्तरी गाठलेल्या इवानरावांना तेवढंच हवं होतं. त्यांनी आम्हालाही बोलावलं.

घराण्याचं नाव मी इथं देत नाही. देशमुखांच्या घरात आयुष्य काढलंय. नाव छापलं की उद्या कुणीतरी भांडायला येणार, मग ते स्कॉटलंडचे असोत की करमाडचे.

खरी अडचण आमच्या घरात होती. मेळावा नेमका पोळ्याच्या आठवड्यात. आमच्या ह्यांच्या, म्हणजे माधवरावांच्या, काही गोष्टी मी लग्नानंतर लवकरच मुकाट्यानं मान्य केल्या. एक म्हणजे पोळ्याला गावात म्हणजे गावातच. आम्ही शहरात, सिडकोत राहायला येऊन किती वर्षं झाली, करमाडजवळच्या आमच्या गावाची निम्मी जमीन कारखान्यांत गेली, बैलांपेक्षा फुगे लावलेले ट्रॅक्टरच वेशीत जास्त दिसतात, तरी हे जाणारच. दुसरी गोष्ट जरा विचित्र आहे. पैठणला जाताना चितेगाव आलं की हे डोळे मिटतात. गाडी मी चालवते आणि हे तेवढ्यापुरते गाढ झोपतात. गाव मागं पडलं की जाग येते. का, ते मला ठाऊक होतं. मुलाला नव्हतं, आणि त्याला सांगायचं नाही असं आमच्यात न बोलता ठरलेलं होतं.

"पोळ्याला मी गावात नाय, असं आजवर झालं नाय," हे म्हणाले. मी म्हटलं, बैल तरी कितीसे राहिलेत? त्यावर दोन दिवस अबोला. शेवटी निनादचा फोन आला की बाबा, एकदाच या, आणि गडी विरघळला.

इन्व्हर्नेस

मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर स्कॉटलंड काढताना त्याचा वरचा भाग मी नेहमी घाईनं, कसाबसा वळवळता काढायची. आता त्या वळवळीची मनोमन माफी मागितली, कारण ती प्रत्येक वळवळ म्हणजे एक खाडी होती आणि प्रत्येक खाडीला पलीकडून डोंगर होता. डोंगरांवर जांभळ्या रंगाची झुडपं फुलली होती. आपल्याकडे भादव्यात माळ पिवळा होतो, तसा तिथं जांभळा होतो.

इन्व्हर्नेस गावात आम्ही उतरलो त्या घराची मालकीण गप्पिष्ट होती. कुठून आलात विचारल्यावर ह्यांनी औरंगाबाद सांगितलं, मग घाईनं छत्रपती संभाजीनगर सांगितलं, आणि बाई गोंधळलेली दिसली तेव्हा तिला मदत व्हावी म्हणून शहराचं सगळ्यात जुनं नाव खडकीही सांगून टाकलं. बाईनं तिन्ही गावांची चौकशी केली. सकाळी तिनं ओटची पेज दिली, मीठ घातलेली. मी आपला मिरचीचा ठेचा काढला. तिनं बोटाच्या टोकावर घेऊन पाहिला आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत उभी राहिली.

गावात चौकड्याच्या लोकरी कापडाचं एक दुकान आहे. तिथं आडनाव सांगायचं, मग दुकानदार तुमच्या घराण्याचे चौकडे काढून देतो. प्रत्येक घराण्याचे रंग वेगळे. ह्यांनी ऐटीत देशमुख असं सांगितलं. दुकानदारानं मोठ्या गंभीरपणे फळीवर शोधलं आणि मग अदबीनं म्हणाला की ज्यांना घराणं नाही अशांसाठीही एक कापड आहे.

निनादनं ते भाषांतर करायला नको होतं.

"आपल्याला भावकी नाय म्हनतो का हा?" ह्यांचा चेहरा पडला. ज्या भावकीला हे रोज सकाळी चहाबरोबर शिव्या घालतात, तिच्यासाठी भर दुकानात इतका राग. पण तेच बिनघराण्याचं कापड गळ्याला गुंडाळून बाहेर पडले, आणि शहागंजच्या बाजारातल्या सवयीनं आधी घासाघीसही केली. ती जमली नाही ते वेगळं.

जेवणाचा घोळ त्याहून मोठा. इवानरावांनी आमच्यासाठी खास हॅगिस सांगून ठेवलं होतं. मेंढीचं काळीज, फुप्फुस वगैरे बारीक करून, ओट घालून, पोटाच्या पिशवीत शिजवतात. ऐकल्यावर ह्यांचे डोळे चमकले, कारण आमच्याकडची वजडी ह्यांचा जीव की प्राण. पण श्रावण चालू. ह्यांनी ताटाकडे बघून सुस्कारा सोडला आणि समोरच्या उकडलेल्या सलगमावर समाधान मानलं. इवानरावांना वाटलं, पदार्थ आवडला नाही. श्रावण म्हणजे काय हे समजावताना निनादला घाम फुटला. एवढं मात्र खरं, की महिनाभर मटण सोडणारा माणूस पाहून इवानरावांच्या मनात आमच्याबद्दलचा आदर वाढला.

दरी

मेळाव्याच्या आदल्या दिवशी आम्ही पाचही जण दरीत गेलो. गाडीरस्ता संपतो तिथून चालायचं. पाऊस होता आणि नव्हताही. चिलटं मात्र होती, डोळ्यांना दिसणार नाहीत एवढी बारीक, आणि चावली की गांधी उठवणारी. दोन्ही बाजूंना मेंढ्या चरत होत्या. ज्यांच्यासाठी माणसं घालवली त्यांच्याच या पणत्या-खापरपणत्या, असं कर्स्टी म्हणाली, पण त्यांच्याकडे बघून तिला राग काही येईना.

गाव म्हणजे गुडघाभर उंचीच्या भिंतींचे चौकोन. घरात गवत, चुलीच्या जागी गवत. एका घराचा उंबऱ्याचा दगड मात्र शाबूत होता, मधोमध झिजलेला. हेच आमचं असावं, असं इवानरावांची आजी सांगायची त्या खुणांवरून त्यांना वाटत होतं. मागं ओढा आणि समोर दोन सुळके. ते आत गेले नाहीत. टोपी काढून बाहेरच उभे राहिले.

मी विहीण. व्याह्यांच्या घरी पहिल्यांदाच आलेली. पर्समधली कुंकवाची डबी काढली आणि उंबऱ्याला बोटं लावली. कर्स्टी एकदम माझा हात धरायला पुढं आली. मला वाटलं, भरून आलं पोरीला. तिनं हळूच मागचा फलक दाखवला. या अवशेषांना कोणीही काहीही लावू नये, असं त्यावर स्वच्छ लिहिलं होतं. मग भूगोलाच्या निवृत्त बाई पदर ओला करून उंबरा पुसत बसल्या. उरलंसुरलं पावसानं नेलं. इवानराव मात्र तेवढ्या वेळात आत जाऊन आले होते आणि त्यांचे डोळे लाल होते.

हे सगळीकडे शेतकऱ्याच्या नजरेनं बघत हिंडले. माती चोळून पाहिली, ओढ्याचं पाणी प्यायले. परतताना म्हणाले, "वंगाळ जमीन नाय. लोक उगं नाय रडले."

मेळावा

दुसऱ्या दिवशी माळावर तंबू. पिशवी काखेत दाबून वाजवायच्या त्या वाद्यांचा एवढा आवाज की सनई, संबळ आणि लोहाराचा भाता एकदम चालू केल्यासारखं वाटावं. घागऱ्यातले धिप्पाड पुरुष. ऑस्ट्रेलियाचे, अमेरिकेचे, एक तर दक्षिण आफ्रिकेचा. सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न की तुम्ही कोणत्या शाखेचे?

दगडांच्या राशीकडे मिरवणूक उद्या सकाळी निघणार होती, आणि तीत पुढं कुणी चालायचं यावरून तंबूत वाद पेटला होता. थोरल्या पातीचे म्हणत होते आम्ही. धाकट्या पातीचे म्हणत होते की थोरली पात एका लढाईत पळून गेली होती. ती लढाई कधीची, तर शिवाजी महाराजांच्याही आधीची. गावचा पोळा चुकल्याचा ह्यांचा सकाळपासूनचा रुसवा पार पळाला. शब्द एक कळत नव्हता, पण खुर्ची ओढून पुढं बसले. "ही आपलीच मानसं हायेत," मला म्हणाले.

दुपारी इवानराव घराण्याची वंशावळ सांभाळणाऱ्या गृहस्थांना भेटायला गेले. निवृत्त मास्तर, सज्जन माणूस. मेळाव्याला येणाऱ्यांनी आधीच थुंकीची तपासणी करून पाठवायची होती, रक्ताचं नातं जुळतं का ते बघायला. इवानरावांनी ती उत्साहानं केली होती. परत आले तेव्हा दगडाची पिशवी त्यांनी छातीशी धरली होती.

मास्तरांनी वाईट बोलून दाखवलं नव्हतं. नातं जुळत नाही एवढंच सांगितलं. तुमची माणसं बहुधा डोंगरापलीकडून आली असावीत, सरदाराच्या आश्रयाला राहिली आणि त्याचं नाव लावू लागली. त्या काळी अशी पुष्कळ घरं होती, त्यात कमीपणा काही नाही. उद्या मिरवणुकीत घराण्याच्या स्नेह्यांचा गट शेवटी चालतो, त्यात या. दगडासाठी मात्र घराण्यातल्यांचीच नावं पुकारतात.

बाहेर पावसानं जोर धरला. आम्ही चहाच्या तंबूत एका लांबट टेबलाशी बसलो. इवानरावांनी पिशवी पायाशी ठेवली होती आणि ते तिच्याकडे बघत नव्हते. कर्स्टी त्यांना समजावत होती की आज्जा-पणज्यांना या दरीनंच वाढवलं, यंत्राला काय कळतं. ते मान हलवत होते, ऐकत नव्हते. मग म्हणाले की आयुष्यभर दुसऱ्याच्या घरात आपलं घर म्हणून बसलो होतो, एवढंच झालं. दगड परत घेऊन जातो.

निनादनं हे मराठीत सांगितलं. ह्यांनी चहाचा कप बाजूला सारला.

"निनाद, मी बोलतो ते जसंच्या तसं सांग व्याह्यांना. मी देशमुखाच्या पोटी जन्मलो नाय."

निनाद हसला. त्याला वाटलं, बाबांची एखादी म्हण असेल.

"दत्तक हाय मी. चितेगावचा. सात वर्साचा असताना आबांनी मांडीवर घेतला. सांग त्यांना."

माझा मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवली. तो वळला आणि इंग्रजीत म्हणाला की माझे वडील सांगतात, ते दत्तक आहेत. स्वतःच्या तोंडून ते ऐकल्यावर त्याला ते कळलं. कर्स्टीनं टेबलाखाली त्याचा हात धरला असावा, कारण त्याचा खांदा जरा खाली आला.

पुढचं सगळं हे थांबत थांबत बोलले आणि तो थांबत थांबत सांगत गेला. आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मूल नव्हतं. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शननंतर देशमुखी गेली होती, पण पोळ्याचा मान राहिला होता. वेशीतलं तोरण आधी देशमुखांच्या बैलानं तोडायचं, मग गावाच्या. आबांनी पुतण्यांना सोडून बायकोच्या बहिणीचा मुलगा घेतला. भावकीचा जाळ झाला. पोराला चितेगावहून न्यायला छकडा आला तेव्हा जन्मदाती आई शिवेपर्यंत आली आणि कानात म्हणाली की मागं बघू नको, बघितलंस तर दोन्हीकडचा राहणार नाहीस. पोरानं बघितलं नाही.

इथं निनाद अडला. "सांग," हे म्हणाले. त्यानं सांगितलं.

त्याच वर्षी पोळ्याला वेशीत भावकी आडवी उभी राहिली. परक्या रक्ताच्या पोरानं मानाचा बैल न्यायचा नाही. थोरल्या चुलतभावानं ह्यांच्या हातातला कासरा हिसकून घेतला आणि बैल ओढला. बैल वेशीत बसला. शेपटी पिरगाळली तरी उठेना. पाठीमागं सगळ्या गावाचे बैल खोळंबलेले, घरोघर पुरणाची ताटं वाट बघत होती. उन्हाळाभर त्या बैलाला ह्या पोरानंच चारलं होतं. शेवटी आबांनी कासरा पुन्हा त्याच्या हातात दिला, तो नुसता पुढं चालू लागला, आणि बैल उठून मागं आला.

"भावकी त्याच्यानंतर बी लई वर्सं आमच्यात जेवली नाय," हे म्हणाले. "पन आबा गेले तवा त्याच चुलतभावानं माझ्याबरुबर खांदा दिला. आबांच्या नावानं मी बैल नेला, त्यांची जमीन कसली, त्यांना पानी पाजलं. आता थुंकून बघू व्हय, कुनाचा हाय ते?"

इवानरावांनी पायाशी ठेवलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली. मग त्यांनी एकच विचारलं आणि निनादनं ते खालच्या आवाजात मराठीत आणलं, "ते विचारतायत, बाबा, तुम्ही नंतर कधी त्या गावाला गेलात?"

ह्यांनी नकारार्थी मान हलवली. चितेगाव आमच्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर आहे, हे निनादनं त्यांना सांगितलं नाही. मला वाटतं, त्याला तेव्हा तेवढं बळ नव्हतं.

रास

सकाळी मिरवणूक निघाली. शेवटी थोरली पातच पुढं होती. इवानराव स्नेह्यांच्या गटात मागं चालले आणि त्यांच्या शेजारी बिनघराण्याचा मफलर गुंडाळलेले आमचे हे. राशीपाशी नावं पुकारली गेली, माणसं एकेक करून पुढं जाऊन दगड ठेवत होती. नावं संपली. वाद्यं थांबली. लोक पांगू लागले.

तेव्हा इवानराव पुढं गेले. कुणाला विचारलं नाही. ह्यांनी चपला काढल्या आणि दोन पावलं मागं राहून त्यांच्याबरोबर गेले. व्याह्यांनी गुडघे टेकले, राशीच्या तळाला एक खळगी शोधली आणि दगड तिच्यात बसवला. मास्तर हातात छत्री घेऊन तिथंच उभे होते. ते थोडा वेळ बघत राहिले. मग एक पाऊल पुढं सरकून त्यांनी आपली छत्री इवानरावांच्या डोक्यावर धरली, आणि ते उठेपर्यंत स्वतः भिजत राहिले.

निरोप घेताना इवानरावांनी खिशातून एक गोटा काढून ह्यांच्या हातावर ठेवला. दरीतल्या ओढ्यातला, बोराएवढा. तुमच्या त्या गावासाठी, असं ते म्हणाले.

पैठण रोड

घरी आल्यावर गोटा बरेच दिवस टीव्हीजवळ पडून होता. मी धूळ पुसताना उचलायची आणि परत ठेवायची. निनादचे फोन पूर्वीपेक्षा जास्त येत होते. पुढच्या पोळ्याला येतो म्हणाला, बैल कसा धरतात ते शिकवा म्हणाला.

एके दिवशी सकाळी हे धुवट सदरा घालून तयार. "गाडी काढ." मी सवयीनं आमच्या गावाकडे, जालना रोडला वळले. "तिकडं नाय," हे म्हणाले. "पैठण रोडनं."

चितेगावात ट्रक, टपऱ्या, हेल्मेट घालून कारखान्याच्या पाळीला निघालेली पोरं. ह्यांचं घर होतं त्या जागेवर कुठल्याशा कारखान्याची लांबलचक भिंत होती. उंबराही नाही, चौकोनही नाही. मारुतीच्या पारावर दोन-तीन म्हातारे बसले होते. आम्ही घुटमळताना बघून त्यांतल्या एकानं हाक मारली.

"तुमी कुनाचे वो?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. आजवर या प्रश्नाला ह्यांचं एकच उत्तर होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

"नामदेवचा," हे म्हणाले. "थोरला. करमाडकडं दिल्याला."

म्हातारा उठून जवळ आला. डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिला. "माधू? आरं, आमी समदी पोरं शिवेवर उभी हुतो. तुझ्या नावानं वरडत हुतो. तू बघितलंच नाय."

त्या म्हाताऱ्यानं ह्यांना धरून पारावर बसवलं, कुणाला तरी चहा आणायला पिटाळलं आणि आपला पंचा डोळे पुसायला दिला. मी बाजूला उभी राहिले. गेली कित्येक वर्षं आपण या गावातून किती वेगानं गाडी हाणली, तेच मला आठवत होतं. निघताना ह्यांनी खिशातला गोटा काढून पाराच्या एका फटीत दाबून बसवला. हे काय म्हणून म्हाताऱ्यानं विचारलं. "व्याह्यांकडचा हाय," एवढंच हे म्हणाले.

जुन्या शिवेवर आता एका कंपनीची कमान आहे. तिथं आलो तेव्हा मी सवयीनं ह्यांच्याकडे पाहिलं. डोळे उघडे होते. पट्टा सोडून, सीटवर पूर्ण वळून, दोन्ही हातांनी सीटची पाठ धरून हे मागच्या काचेतून गावाकडे बघत होते. मी गाडी कडेला घेतली. मागचा टेम्पो हॉर्न वाजवत राहिला. मी वाजवू दिला.